व्हिसाची दोरी

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या महाराष्ट्र दिन मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

महाराष्ट्र दिनाला वक्त्याने काय बोलायचं हे साधारण ठरलेलं असतं. संयुक्त महाराष्ट्राचा लढा, हुतात्मा चौक, मंगल कलश, शेवटी एक घोषणा आणि मग जेवण. मी जेवणाच्या आड येणार नाही. पण १ मे हा कामगार दिनही आहे आणि तो मुळात इथला, अमेरिकेतला आहे, एवढं आज बोललं पाहिजे. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी इथल्या लाखो कामगारांनी काम बंद केलं. तीन दिवसांनी शिकागोच्या हेमार्केट चौकातल्या सभेत बॉम्ब फुटला. तो कुणी टाकला हे आजवर कळलेलं नाही, पण आठ जणांवर खटला चालला आणि चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी दिलं. त्या आठांपैकी सहा जण परदेशात जन्मलेले होते, पाच जर्मन आणि एक इंग्रज. त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या गुन्ह्याइतकंच त्यांच्या परकेपणाबद्दल लिहिलं. ज्या देशात हे घडलं त्याने कामगार दिन सप्टेंबरात नेऊन ठेवला. आपण मात्र १ मेला सुटी घेतो, कारण राज्य त्या दिवशी झालं. असो.

मी काही वर्षं एका मोफत कायदा-सल्ला केंद्रात शनिवारी दुभाषी म्हणून बसते. पगार बुडवलेले, कामावरून काढलेले लोक तिथे येतात. कार्यकारिणीने मला बोलावलं ते त्यासाठीच. तिथे बसून माझं एक मत पक्कं झालंय. आपण 'कामगार' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर दुसरंच कुणीतरी असतं, बांधकामावरचा मेक्सिकन किंवा टॅक्सीतला बांगलादेशी. आपण स्वतःला 'प्रोफेशनल' म्हणतो. हा फरक पगारात आहे, राहणीत आहे. कागदावर मात्र तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे.

मिसिसिपीतल्या पॅस्कागूला गावाची गोष्ट सांगते, कारण तिचं एक टोक आपल्या मुंबईत आहे.

ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळ आलं आणि मेक्सिकोच्या आखाताचा अमेरिकी किनारा उद्ध्वस्त झाला. समुद्रातल्या तेलविहिरींच्या दुरुस्तीची कामं निघाली. सिग्नल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीला वेल्डर आणि पाइपफिटर हवे होते. मुंबईतली एक भरती कंपनी, अमेरिकेतला एक दलाल आणि न्यू ऑर्लिन्सचा एक इमिग्रेशन वकील, अशी साखळी जमली. भारतात आणि आखाती देशांत जाहिराती दिल्या गेल्या, ट्रेड टेस्ट झाल्या आणि ग्रीन कार्डचं आश्वासन मिळालं. सुमारे ५०० माणसं तयार झाली. केरळी, तमिळ, तेलुगू, थोडी उत्तरेकडची. बहुतेक जण दुबई-अबूधाबीत काम केलेले, कसबी. या संधीसाठी एकेकाने दहा ते वीस हजार डॉलर भरले. वेल्डरकडे एवढे पैसे कुठून येणार? शेत गहाण पडलं, बायकोचे दागिने गेले, सावकाराचं व्याज सुरू झालं.

ग्रीन कार्ड आलंच नाही. २००६ च्या अखेरीस ही माणसं उतरली ती एच-टू-बी व्हिसावर. तो व्हिसा हंगामी, आणि एकाच मालकाशी बांधलेला. राहायला कंपनीच्या आवारातच कुंपण घातलेला कॅम्प, दारावर पहारेकरी. एकेका खोलीत चोवीस माणसं, एकावर एक पलंग, दोन संडास. या सुखसोयीसाठी पगारातून रोज ३५ डॉलर कापले जात, म्हणजे महिन्याला हजाराच्या वर. बाहेर खोली घेऊन राहतो म्हटलं तरी कपात सुटत नव्हती.

लोक आपापसात बोलू लागले, वकिलाला भेटू लागले. ९ मार्च २००७ ला पहाटे कंपनीचे पहारेकरी कॅम्पमध्ये शिरले आणि पुढाकार घेणाऱ्यांना पकडून एका खोलीत बसवलं, परत भारतात पाठवण्यासाठी. त्यातल्या एकाने मनगट कापून घेतलं. तो वाचला. पण त्याने असं का केलं असेल, याचा हिशेब इथे बसलेल्या प्रत्येकाला करता येईल. डोक्यावर लाखोंचं कर्ज, गावात सांगून आलेला की अमेरिकेला चाललो, आणि हातात परतीचं तिकीट.

यानंतर जे झालं ते मला जास्त सांगायचंय. कॅटरिनानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये कामगारांचं एक केंद्र उभं राहिलं होतं. ते स्थानिक कृष्णवर्णीय कामगार आणि लॅटिनो मजूर या दोघांत काम करत होतं. साकेत सोनी हा दिल्लीचा तरुण त्यात होता. त्याने या माणसांबरोबर कॅम्पबाहेर बैठका घेतल्या. भाषा चार, धर्म तीन, आणि प्रत्येकाला भीती की शेजारच्या पलंगावरचाच चुगली करेल. बैठकांना वर्ष गेलं. ६ मार्च २००८ ला शंभरेक जण कामावरून बाहेर पडले आणि डोक्यावरची हेल्मेटं त्यांनी कंपनीच्या फाटकाशी फेकून दिली. काम सोडताक्षणी त्यांचा व्हिसा संपला, हे माहीत असताना. मग न्यू ऑर्लिन्सहून वॉशिंग्टनला निघाले, काही अंतर पायी, काही गाडीने. आपल्या मोहिमेला त्यांनी 'सत्याग्रह' म्हटलं. भारतीय दूतावासाच्या दारातही गेले. मे-जूनमध्ये वॉशिंग्टनमध्ये उपोषण केलं.

त्यांनी कंपनीवर भरलेला खटला सात वर्षं चालला. सगळ्यांचा मिळून एक दावा करायला न्यायाधीशांनी नकार दिला, तेव्हा एरवी मोठ्या कंपन्यांसाठी लढणाऱ्या वकिलांच्या कचेऱ्या फुकट उभ्या राहिल्या आणि दोनशेच्या वर माणसांसाठी वेगवेगळे दावे दाखल झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पहिल्या पाच जणांना १ कोटी ४० लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. दोषी ठरलेल्यांत कंपनी होती, वकील होता आणि मुंबईची ती भरती कंपनीही होती. सिग्नलने दिवाळखोरी पुकारली, उरलेल्या दाव्यांत २ कोटी डॉलरवर तडजोड केली आणि माफी मागितली. मानवी तस्करीला बळी पडलेल्यांसाठी असलेला टी व्हिसा बऱ्याच जणांना मिळाला. त्यांची बायकामुलं आली.

आता आपल्याकडे वळते. एच-वन-बीवर, म्हणजे शिकलेल्यांच्या नोकरीच्या व्हिसावर, असलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याच्याकडे ६० दिवस असतात. त्यात दुसरा मालक शोधा, नाहीतर व्हिसा बदला, नाहीतर बॅगा भरा. घराचा हप्ता, मुलांची शाळा, सगळं त्या ६० दिवसांत. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांनी वर्षानुवर्षं उभं राहायचं, कारण एका देशाला वर्षाला सात टक्क्यांहून जास्त नाहीत. तोवर साहेबाला 'नाही' कोण म्हणणार? आपली दोरी वेल्डरच्या दोरीपेक्षा लांब आहे, हे खरं. आपल्याला मालक बदलता येतो, त्याला येत नव्हता. पण दुसरं टोक कंपनीच्याच हातात आहे. 'बेंच'वर, म्हणजे प्रोजेक्ट नसताना रिकामं, बसवून पगार न देणारे कन्सल्टंट, नोकरी सोडलीस तर इतके हजार भर असा करार पुढे करणारे, हे लोक आपल्याही सभागृहांतून फिरतात. त्यांच्या विरुद्ध तक्रार करता येते. बिनपगारी बेंच कायद्याला मान्य नाही. ही तक्रार घेऊन आमच्याकडे येणारी मराठी मुलं एकेकटी येतात आणि आधी विचारतात, 'नाव कुठे कळणार नाही ना?'

न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांचं थोडक्यात सांगते, कारण ते तर आपल्या नदीपलीकडे आहेत. कायद्याने ते 'स्वतंत्र व्यावसायिक', म्हणून युनियनचा हक्क नाही. तरी १९९८ मध्ये त्यांनी टॅक्सी वर्कर्स अलायन्स उभी केली. पुढे भैरवी देसाई, गुजरातमध्ये जन्मलेली, आपल्या न्यू जर्सीत वाढलेली. १३ मे १९९८ ला शहरातल्या पिवळ्या टॅक्सी जवळजवळ थांबल्या. टॅक्सीतल्या सीबी रेडिओवरून पंजाबी, उर्दू, बंगालीत निरोप फिरले होते. पुढे टॅक्सीच्या परवान्याचा, तिकडे त्याला मेडॅलियन म्हणतात, भाव २०१४ मध्ये दहा लाख डॉलरच्या घरात गेला आणि मग कोसळला. ज्यांनी कर्ज काढून तो घेतला ते बुडाले. २०१८ मध्ये काही चालकांनी जीव दिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सिटी हॉलसमोर उपोषण सुरू झालं. पंधराव्या दिवशी, ३ नोव्हेंबरला, शहराने मान्य केलं की कर्ज १ लाख ७० हजार डॉलरपर्यंत खाली आणू आणि त्याची हमी शहर घेईल. उपोषणाला बसलेल्यांत साठी ओलांडलेले चालक होते.

यापुढचं जरा कडू लागेल.

आपल्यापैकी किती जणांच्या घरी पोळ्या करायला, बाळाला सांभाळायला, आईबाबांची काळजी घ्यायला बाई येते? हात वर करू नका. १९३५ साली अमेरिकेत युनियनचा हक्क देणारा कायदा झाला त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. घरकामगार आजही बाहेरच आहेत. पहिला घरकामगार हक्क कायदा न्यूयॉर्कने २०१० मध्ये केला. आपल्या न्यू जर्सीचा जानेवारी २०२४ मध्ये झाला आणि १ जुलैपासून लागू झाला. लेखी करार हवा, जेवणाची सुटी हवी, आणि घरातच राहणाऱ्या बाईला सलग सहा दिवस काम झालं की एक अख्खा दिवस विश्रांती हवी. नारायण मेघाजी लोखंडे या फुल्यांच्या सहकाऱ्याने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी १० जून १८९० पासून मिळवून दिली होती. ट्रेंटनला, म्हणजे आपल्या न्यू जर्सीच्या राजधानीला, तिथपर्यंत यायला १३४ वर्षं लागली.

आमच्या केंद्रात एक ताई आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते. एका मराठी घरात त्या राहून काम करत होत्या. स्वयंपाक, दोन मुलं, आणि भारतातून आलेल्या आजींचं सगळं. पगार महिन्याला ठरलेला, रोख, तासांचा हिशेब नाही. वकिलाने विचारलं, पुरावा काय? ताईंनी पिशवीतून 'कालनिर्णय' काढलं. दुधाचा हिशेब लिहितात तसं, प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात: '५॥ ते १०'. म्हणजे पहाटे साडेपाच ते रात्री दहा. मधेच कुठे 'आजींना ताप, जागरण'. वकीलबाई गोऱ्या, त्यांना '५॥' काय ते कळेना. मी वाचत गेले, त्या टाइप करत गेल्या. मालकाने तासांची नोंद ठेवली नसेल तर कामगाराची अशी सरळ नोंद न्यायालय धरू शकतं, हे इथल्या सुप्रीम कोर्टाने १९४६ सालीच सांगितलंय. आणि किमान वेतनाचा हक्क व्हिसा संपलेल्या माणसालाही आहे. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं, बुडालेले पैसे मिळाले. किती ते सांगता येत नाही, तशी अट आहे.

ताई मला म्हणाल्या, 'वहिनी स्वभावाने वाईट नाहीत हो.' माझाही त्यावर विश्वास आहे. त्या घरात दीड दिवसाचा गणपती बसतो, आरतीला चाळीसेक माणसं येतात. ताईंच्या हातचे उकडीचे मोदक सगळ्यांनी खाल्ले, कौतुकही केलं. 'तुम्हाला सुटी कधी असते?' असं एकाने विचारलं असतं तर त्या आमच्याकडे दोन वर्षं आधी आल्या असत्या.

मंडळाने मोर्चा काढावा असं मी म्हणत नाही. आपल्या घटनेत ते बसत नाही, खजिनदारांना घामही फुटेल. पण आपल्याकडे शनिवारी रिकामी असणारी जागा आहे. आपल्यात वकील आहेत, सीए आहेत, मराठी उत्तम वाचणारे निवृत्त लोक आहेत. दोन महिन्यांतून एकदा सल्ल्याची बैठक इथे होऊ शकते. पोळीवाल्या काकूंसाठी आणि बेंचवर बसवलेल्या मुलासाठी एकाच टेबलावर. तिथे आलेल्याचं नाव व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी ठरवायचा. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत दागिन्यांच्या जाहिराती असतात, त्यात घरकामगार कायद्याची माहिती मराठीत एक पान छापू. कराराचा मराठी नमुना मी आणि केंद्रातल्या वकीलबाई तयार करतोय. ज्यांच्याकडे बाई कामाला आहे त्यांनी तो आधी स्वतः भरून बघावा. तासांचा रकाना भरताना थोडा वेळ लागेल.

दुभाषे मात्र लगेच हवेत. मराठीचे आम्ही दोघंच आहोत, आणि कोकणी बोलणारं कुणी नाही, गोव्याकडची मंडळी परत जातात. नावं द्यायची असतील तर दाराशी आपले खजिनदार पावतीपुस्तक घेऊन बसलेत, त्यांच्याकडे द्या. फोन नंबर लिहायला विसरू नका.