पाव भाग सिरॅमिक, पाऊण भाग इपॉक्सी

[दृश्य: हिऱ्याचं पातं, पाण्याची धार, पीझेडटीची, म्हणजे दाबल्यावर विद्युतभार देणाऱ्या सिरॅमिकची, चकती]

निवेदन: पातं एकदा उभं, एकदा आडवं फिरतं. तळ शाबूत राहतो, वर चौकोनी खांब उरतात. खाचांत इपॉक्सी ओतायचं, निर्वात पेटीत बुडबुडे काढायचे, घट्ट झालं की तळ घासून टाकायचा. हे १-३ कॉम्पोझिट, म्हणजे संमिश्र पदार्थ: सिरॅमिक एका दिशेने सलग, इपॉक्सी तिन्ही दिशांनी. जोडणीची ही आकडेभाषा न्यूनहॅम, स्किनर आणि क्रॉस या संशोधकांनी १९७८ मध्ये मांडली. सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये असाच पदार्थ वापरतात.

[दृश्य: कागदावर आकडेमोड]

पीझेडटी-५एच या प्रकाराचा डी३३, म्हणजे उभ्या दिशेतल्या दर न्यूटन बलामागे मिळणारा विद्युतभार, साधारण ५९३ पिकोकुलोंब प्रति न्यूटन. खांब २५ टक्के असतील, तर सरळ सरासरीने १४८ यायला हवा. तसा येत नाही. दाब दिल्यावर खांब आणि इपॉक्सी उंचीत सारखेच दबतात, त्यामुळे भार ताठपणाप्रमाणे वाटला जातो. खांबांचा वाटा ०.२५ गुणिले ४८ गिगापास्कल, म्हणजे १२. इपॉक्सीचा ०.७५ गुणिले ३, म्हणजे सव्वादोन. एकूण सव्वाचौदांपैकी बारा, म्हणजे ८४ टक्के भार खांबांवर. डी३३ निघतो सुमारे ५००!

परावैद्युतांक, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता दाखवणारा आकडा, मात्र ३४०० वरून पावभागाच्याही खाली, ७७५ च्या आसपास येतो. म्हणून तेवढ्याच दाबाला मिळणारं व्होल्टेज निव्वळ सिरॅमिकच्या साडेतीन पटींहून जास्त.

[दृश्य: संगणकावर एकक पेशी]

आडव्या दिशांचे गुणांक हवे असतील तर हातची आकडेमोड पुरत नाही. एक खांब आणि भोवतालचं इपॉक्सी एवढीच पेशी घ्यायची, समोरासमोरच्या बाजूंना आवर्ती अटी लावायच्या, म्हणजे हीच पेशी चहूकडे पुन्हा पुन्हा येते असं मानायचं. इथे हमखास फसगत होते ती शिअरच्या, म्हणजे कातर ताणाच्या, घटकांच्या क्रमात. प्रमाणित तक्त्यात वायझेड, एक्सझेड, एक्सवाय. अ‍ॅन्सिस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सवाय, वायझेड, एक्सझेड. तक्ता तसाच उतरवला तर डी३३ जवळपास बरोबर दिसतो, म्हणून चूक लपते. ई१५, म्हणजे शिअर आणि विद्युतभार यांना जोडणारा गुणांक, मात्र भलत्याच रकान्यात बसलेला असतो. दुसरी गल्लत परावैद्युतांकाची: ई१५ सारख्या ई-गुणांकांसोबत स्थिर विकृतीचा, म्हणजे पदार्थाचा आकार बदलू न देता असलेला, १४७० द्यायचा, ३४०० नव्हे.

[दृश्य: डी३३ मीटर]

मीटरचं टोक खांबावर टेकलं तर एक आकडा, इपॉक्सीवर सरकलं तर दुसरा. गणितात वरचा पृष्ठभाग एकसंध हलतो. टोकाखाली तो तसा हलत नाही. दोन्ही बाजूंना पातळ, ताठ पट्ट्या चिकटवा आणि मग मोजा.