लागोसचा शनिवार

(दृश्य : सुरुलेरे भागातील एक रस्ता. एका टोकाला मांडव उभा राहतो आहे. खुर्च्यांना पांढरे कापड चढवले जात आहे.)

नायजेरियातील लागोस शहरात शनिवार आला हे रस्त्यावरील कपड्यांवरून कळते. काळ्या पट्ट्यांच्या ज्या पिवळ्या दान्फो गाड्यांतून आठवडाभर कारकून, फेरीवाले आणि विद्यार्थी दाटीवाटीने प्रवास करतात, त्याच गाड्यांत आज डोक्यावर उंच आणि ताठ ‘गेले’, म्हणजे कापडी फेटा, बांधलेल्या स्त्रिया दिसतात. एकाच नक्षीचे कापड ल्यालेल्या तीन-चार जणी शेजारी बसलेल्या असल्या, तर त्या एकाच समारंभाला निघाल्या आहेत हे कोणाला सांगावे लागत नाही.

या समारंभांना येथे ‘ओवाम्बे’ म्हणतात. निमित्त लग्नाचे असते, जन्मानंतर आठव्या दिवशी होणाऱ्या बारशाचे असते, पन्नाशी-साठीच्या वाढदिवसाचे असते आणि मृत्यूचेही असते. तरुण माणूस गेला तर घर मुकाट्याने शोक करते. पण नातवंडे-पतवंडे पाहून एखादी वृद्ध व्यक्ती गेली, तर तिच्या मुलांनी वाद्यांच्या गजरात आणि शेकडो पाहुण्यांच्या पंक्तीत तिला निरोप द्यावा अशी योरुबा समाजाची अपेक्षा असते, आणि ती पूर्ण न करणाऱ्या मुलांविषयी लोक बरीच वर्षे बोलत राहतात.

लागोस हे मुळात योरुबा भूमीवरील शहर आहे आणि स्थानिक लोक त्याला आजही ‘एको’ म्हणतात. 1960 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा ते राजधानी होते आणि 1991 मध्ये तो मान अबुजाकडे गेला. मात्र देशभरातून माणसे येण्याचा ओघ त्यामुळे थांबला नाही. पाचशेहून अधिक भाषांच्या या देशातील इग्बो, हौसा, एडो, इजाव अशा अनेक समाजांची माणसे येथे राहतात, आणि शनिवारच्या मांडवात यजमान योरुबा असले तरी पाहुण्यांत ही सारी मंडळी असतात.

(दृश्य : लागोस बेटावरील बालोगन बाजार. कापडाच्या थप्प्या, गल्लीत माणसांची गर्दी.)

समारंभाची खरी सुरुवात कित्येक आठवडे आधी या बाजारात होते. यजमान घरातील स्त्रिया येथे येऊन एकाच प्रकारचे कापड ठोक भावाने खरेदी करतात आणि नातेवाईक, मैत्रिणी, सहकारी, चर्चमधील किंवा मशिदीतील ओळखीचे लोक यांना ते विकतात. याला ‘अशो-एबी’, म्हणजे कुटुंबाचे वस्त्र, असे म्हणतात. मोठ्या लग्नात वधूकडच्यांचा रंग वेगळा, वराकडच्यांचा वेगळा आणि मित्रमंडळींचा आणखी वेगळा असतो. त्यामुळे मांडवात पाऊल टाकताच कोण कोणाच्या बाजूचे आणि किती जवळचे आहे हे नजरेला कळते.

हे कापड भेट म्हणून मिळत नाही, ते विकत घ्यावे लागते, ही गोष्ट बाहेरच्या पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाही. विक्रीच्या किमतीत बहुधा थोडा नफा धरलेला असतो आणि त्यातून मांडव, वाद्यवृंद आणि जेवण यांच्या खर्चाचा काही भाग भागतो. कापड घेणाऱ्याने अशा रीतीने समारंभाला वर्गणी दिलेली असते. तिच्या बदल्यात त्याला नावाचे आसन, वेळेवर भरलेले ताट आणि निघताना यजमानांचे नाव छापलेली एखादी बादली, टॉवेल किंवा छत्री मिळते. ज्याने कापड घेतले नाही त्याला कोणी हाकलत नाही, पण जेवण वाढणाऱ्यांची नजर त्याच्या टेबलाकडे उशिरा वळते, अशी तक्रार लागोसमध्ये सर्रास ऐकू येते.

अडचण अशी की आज मी तुमचे कापड घेतले, तर उद्या माझ्या घरच्या कार्यात तुम्ही माझे घेणे लागता. ज्याचा परिवार मोठा, त्याच्या वाट्याला वर्षभरात अशी अनेक कापडे येतात आणि पगाराचा मोठा हिस्सा त्यांत जातो. म्हणूनच बाजारातील विक्रेत्या स्त्रिया ‘आजो’ किंवा ‘एसुसु’ लावतात. ही आपली भिशीच आहे : ठरलेल्या मुदतीने प्रत्येकीने ठरलेली रक्कम भरायची आणि जमलेला गल्ला पाळीपाळीने एकेकीने उचलायचा. हा पैसा दुकानातील मालासाठी, मुलांच्या फीसाठी वापरला जातो, तसाच समारंभांसाठीही. ओवाम्बेला निव्वळ उधळपट्टी म्हणणारे टीकाकार नायजेरियातही पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. परंतु जेथे आजारपणात, बेकारीत किंवा घरातील मृत्यूच्या वेळी सरकारी यंत्रणेपेक्षा माणसांच्याच मदतीवर विसंबावे लागते, तेथे कोण आपल्यासाठी उभे राहील याची चाचपणी माणसे अशाच प्रसंगांतून करत असतात. मात्र या व्यवस्थेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. श्रीमंताला कापड म्हणजे हौस वाटते, तर शाळामास्तराच्या घरात त्यापायी महिन्याचा हिशेब कोलमडू शकतो.

(दृश्य : हातमागावर अशो-ओके विणणारा विणकर. नंतर शिंप्याचे दुकान.)

या कापडांचा भूगोल मोठा गंमतीचा आहे. सर्वांत मानाचे ‘अशो-ओके’ ओयो राज्यातील इसेयिन गावाच्या विणकरांकडून येते. अरुंद मागावर विणलेल्या लांब पट्ट्या शेजारी शेजारी शिवून त्याचे वस्त्र तयार होते. त्यातील गर्द निळीच्या प्रकाराला एतू, किरमिजी रंगाच्या प्रकाराला अलारी आणि रानरेशमाच्या भुऱ्या प्रकाराला सान्यान म्हणतात. रोजच्या वापरातील ‘अंकारा’ या छापील सुती कापडाचे मूळ जावा बेटावरील बाटिकमध्ये आहे, आणि डच कारखानदारांनी त्याची यंत्रावर केलेली नक्कल पश्चिम आफ्रिकेने आपलीशी केली. समारंभांत झळकणारी भरतकामाची लेस कित्येक दशके ऑस्ट्रियाच्या फोरार्लबर्ग प्रांतातून येत आली आहे. इग्बो आणि नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील स्त्रिया कमरेला गुंडाळतात त्या ‘जॉर्ज’ नावाच्या भरजरी कापडाचा उगम मद्रासच्या व्यापारात आहे. यांपैकी कोणते कापड अस्सल आणि कोणते परके, हा वाद लागोसच्या शिंप्याला सुचतही नाही. त्याच्यापुढे शुक्रवारी रात्रीपर्यंत सगळे शिवून देण्याचा प्रश्न असतो, आणि शिंप्याने दिलेला शब्द हा तर नायजेरियात विनोदाचा कायमचा विषय आहे.

स्त्रियांचा पोशाख म्हणजे कमरेचा इरो, वरचा बुबा आणि डोक्यावरील गेले. गेले बांधणे ही कला आहे आणि पैसे घेऊन ते बांधून देणाऱ्या व्यावसायिक स्त्रिया पहाटेपासून कामाला लागतात. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांच्यासाठी आता आधीच चुण्या घालून शिवलेले, टोपीसारखे घालायचे गेलेही मिळते. छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून नायजेरियन स्त्रियांच्या केशरचनांची शेकडो कृष्णधवल छायाचित्रे टिपली. डोक्यावर जे काही रचले जाते त्याकडे हा समाज किती गांभीर्याने पाहतो, याचा त्याहून चांगला पुरावा क्वचितच सापडेल. पुरुष लांबरुंद आग्बादा घालतात आणि त्याच्या बाह्या सतत खांद्यावर सावरत राहणे हा त्या ऐटीचाच भाग असतो.

(दृश्य : मांडवाचे प्रवेशद्वार. एक तरुण वृद्ध स्त्रीसमोर जमिनीवर पालथा पडून अभिवादन करतो.)

योरुबा रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यांसमोर मुलगा जमिनीवर पालथा पडतो, त्याला ‘इदोबाले’ म्हणतात, आणि मुलगी दोन्ही गुडघे टेकते. शहरातील धावपळीत पुरुष वाकून बोटे जमिनीकडे नेतात, स्त्रिया गुडघे किंचित दुमडतात, आणि तेवढ्यावर रोजचे भागते. परंतु लग्नाच्या दिवशी अशी सवलत चालत नाही. वर आणि त्याचे सगळे मित्र वधूच्या आईवडिलांपुढे एका ओळीत पालथे पडतात, आणि समारंभ चालवणारी ‘आलागा’ समाधान होईपर्यंत त्यांना उठू देत नाही. आलागा या दोन असतात, एक वधूपक्षाची आणि दुसरी वरपक्षाची. वरपक्ष उशिरा आला म्हणून दंड करणे, दंडाच्या रकमेवरून घासाघीस करणे, मध्येच गाणे म्हणणे आणि दोन्ही घरांना हसवत ठेवणे हे सारे त्यांचे काम असते.

योरुबा भाषेत अभिवादनांची विपुलता थक्क करणारी आहे. काम करत असलेल्या माणसाला वेगळे अभिवादन, नुसत्या बसलेल्याला वेगळे, प्रवासाहून आलेल्याला आणखी वेगळे. आणि समारंभाच्या यजमानाला ‘एकू इनावो’ म्हणतात, म्हणजे त्याच्या खर्चाबद्दल त्याचे अभिवादन करतात. मोठ्यांना आदरार्थी सर्वनामानेच संबोधायचे असते आणि वयातील एका वर्षाचा फरकही त्यासाठी पुरतो. ‘एग्बोन’ म्हणजे वडील भावंड आणि ‘आबुरो’ म्हणजे धाकटे, मग ते भाऊ असो की बहीण. या भाषेला वयाचा क्रम लिंगभेदापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मुले झाल्यावर स्त्रीला तिच्या नावाने सहसा कोणी हाक मारत नाही. ती थोरल्या मुलाच्या नावाने ‘अमक्याची आई’ होते.

मांडवातील ध्वनिक्षेपकावरून मात्र एकच भाषा ऐकू येत नाही. सूत्रसंचालक वडीलधाऱ्यांशी योरुबात बोलतो, मंत्र्याचे किंवा बँकेच्या अधिकाऱ्याचे स्वागत इंग्रजीत करतो, आणि साऱ्या मांडवाला हसवायचे असते तेव्हा पिजिनमध्ये शिरतो. पिजिन ही किनाऱ्यावरील व्यापारातून घडलेली भाषा आहे आणि ती कोणत्याही एका जमातीची नसल्यामुळे सर्वांची आहे. शाळेत ती बोलल्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी बोलणी खाल्ली, पण 2007 मध्ये लागोसमध्ये केवळ पिजिनला वाहिलेले वझोबिया एफएम हे केंद्र सुरू झाले आणि 2017 मध्ये बीबीसीनेही पिजिनमधून बातम्या देण्यास आरंभ केला. कार्यक्रमपत्रिकेतील जेवणाला सारा देश ‘आयटम सेव्हन’ म्हणतो, आणि आमंत्रण नसताना केवळ कानावर आले म्हणून येणाऱ्यांना योरुबात ‘मोग्बो-मोया’ हे नाव आहे. अशा पाहुण्यांनाही जेवल्याविना सहसा परत पाठवले जात नाही.

योरुबा कुटुंबांत एक भाऊ मुसलमान आणि दुसरा ख्रिस्ती असणे सामान्य आहे, आणि अशा घरच्या समारंभात दोन्ही प्रार्थना होतात. ज्या फुजी संगीतावर सगळे नाचतात, तेही रमजानमध्ये पहाटे लोकांना उठवण्यासाठी गायल्या जाणाऱ्या गाण्यांतून निघाले आणि सिकिरू आयिंदे बॅरिस्टर यांनी त्याला नावारूपाला आणले.

(दृश्य : चुलीवरची मोठमोठी भांडी, वाफ, लाल भात.)

जेवणात जोलोफ भात हवाच. टोमॅटो, लाल ढोबळी मिरची, कांदा आणि जहाल रोडो मिरची यांच्या वाटणात शिजलेला हा भात घरीही होतो. पण समारंभाचा जोलोफ लाकडाच्या चुलीवर शिजतो आणि त्याला तळाशी किंचित लागल्याचा धुरकट वास येतो, जो घरच्या गॅसवर सहजासहजी साधत नाही. नायजेरिया आणि घाना यांच्यात कोणाचा जोलोफ श्रेष्ठ यावरून न संपणारे भांडण चालू असताना 2021 मध्ये युनेस्कोने जोलोफचे मूळ मानल्या जाणाऱ्या सेनेगलच्या मासे-भाताला वारशाच्या यादीत स्थान दिले. याच भातासाठी लागणारा उकडा तांदूळ नायजेरिया वर्षानुवर्षे थायलंड आणि भारत येथून आणत आला; सरकारने ऑगस्ट 2019 मध्ये भूसीमा बंद केल्या, त्यामागे तांदळाची चोरटी आयात रोखण्याचाही हेतू होता. सोबत झणझणीत बोकडाचे आसुन, चवळीच्या वाटणाचे वाफवलेले मोईन-मोईन, आणि सुरुवातीला ‘स्मॉल चॉप्स’च्या, म्हणजे फराळाच्या, बशीत मैद्याचे तळलेले गोड गोळे, म्हणजे पफ-पफ, असते व त्याच्या शेजारी चक्क समोसा.

(दृश्य : वाद्यवृंद. काखेत ढोल दाबून वाजवणारा वादक एका पाहुण्याकडे सरकतो.)

दुपार कलते तसे बोलके ढोल पुढे येतात. मध्ये निमुळत्या असलेल्या या ढोलाच्या चामडी दोऱ्या काखेत दाबल्या की सूर चढतो आणि सोडल्या की उतरतो. योरुबा भाषेत स्वराच्या तीन उंचींवर शब्दाचा अर्थ ठरत असल्यामुळे कसलेला वादक शब्द न उच्चारता समोरच्याच्या घराण्याची स्तुती, म्हणजे ‘ओरिकी’, वाजवून ऐकवतो. ज्याची स्तुती झाली त्याने खिशात हात घालायचा असतो.

येथे नोटांची ‘स्प्रेइंग’ सुरू होते. मराठी प्रेक्षकाला तमाशातील दौलतजादा आठवेल. परंतु येथे नोटा कलावंतांबरोबरच नाचणाऱ्या यजमानाला, नवरानवरीला किंवा आजीबाईंना मिळतात, त्या एकेक करून कपाळावर आणि खांद्यावर लावल्या जातात, आणि खाली पडलेल्या नोटा गोळा करण्यासाठी घरचेच कोणी पिशवी घेऊन मागे उभे असते. मांडवाबाहेर जादा पैसे घेऊन कोऱ्या नोटांची बंडले विकणाऱ्यांचा स्वतंत्र धंदाही आहे. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या 2007 च्या कायद्यानुसार नायराच्या नोटा उधळणे किंवा त्यांच्यावर नाचणे हा गुन्हा असून त्याला किमान सहा महिने कैद, किमान 50,000 नायरा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. हे कलम अनेक वर्षे कागदावरच राहिले. 2023 च्या आरंभी नोटाबदलामुळे रोख रकमेची भीषण टंचाई झाली तेव्हा उधळायला नोटाच उरल्या नाहीत, आणि एप्रिल 2024 मध्ये समाजमाध्यमांवरील एका प्रसिद्ध व्यक्तीला याच गुन्ह्यासाठी सहा महिन्यांची कैद झाल्यावर लोक खरोखर बिचकले.

तेव्हापासून काही मांडवांत नोटा कपाळाला न लावता सजवलेल्या पेटीत टाकल्या जातात, तर काही पाहुणे मोबाइलवरून थेट खात्यात पैसे पाठवतात. अशा वेळी कोणी किती दिले हे फक्त यजमानाला कळते, चारचौघांना नाही. म्हणून पैसे पाठवल्यावरही अनेक जण उठतात, यजमानासमोर जाऊन ढोलाच्या तालावर नाचतात, आणि ढोलवादक त्यांच्याही आजोबा-पणजोबांची नावे वाजवायला घेतो.