पिकेटच्या डिव्हिजनचा फलक कसा वाचावा

[दृश्य: रानाची कड. ग्रॅनाइटवर बसवलेला ब्राँझचा फलक. मागे उघडं शेत.]

अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया राज्य, गेटिसबर्गची रणभूमी. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेची आणि दक्षिणेची सैन्यं इथं भिडली. वेस्ट कॉन्फेडरेट ॲव्हेन्यूवर नजर आधी जाते ती व्हर्जिनियाच्या उंच स्मारकाकडे, त्यावरच्या घोडेस्वार जनरल लीकडे, म्हणजे दक्षिणेच्या सेनापतीकडे. तिथून थोडं दक्षिणेला, स्पँग्लरच्या रानालगत, हा फलक उभा आहे. पुतळा नाही, कोरीवकाम नाही, नुसता उठावाच्या अक्षरांतला मजकूर. जुलै १८६३मध्ये दक्षिणेच्या जनरल पिकेटची डिव्हिजन कुठे होती आणि तिनं काय केलं, याची ही अधिकृत नोंद. ३ जुलैला ती समोरच्या टेकडीवरच्या उत्तरेच्या सैन्यावर चालून गेली होती.

असे फलक इथं ठिकठिकाणी आहेत. अमेरिकेच्या युद्धखात्यानं १८९३मध्ये नेमलेल्या आयोगानं ते उभारले. मजकूर लिहिण्याचं धोरण कडक होतं: कुणाची स्तुती नको, कुणावर ठपका नको. त्यामुळे 'पराक्रम' किंवा 'चूक' असे शब्द शोधत बसू नका. तारीख, जागा, हालचाल, हानी, एवढंच मिळेल. ब्रिगेडच्या, म्हणजे डिव्हिजनमधल्या छोट्या तुकडीच्या, फलकांपाशी आलात तर आधी खालचा पाया बघा. चौकोनी असेल तर ब्रिगेड उत्तरेची, गोल असेल तर दक्षिणेची. मजकूर वाचायच्या आधीच बाजू कळते.

[दृश्य: फलकाचा वरचा भाग, अगदी जवळून.]

वाचन वरून खाली. आधी सैन्य, मग कोअर (अनेक डिव्हिजनचा गट), मग डिव्हिजन. त्याखाली तीन ब्रिगेड: गार्नेट, आर्मिस्टेड, केम्पर. पिकेटच्या हाताखाली खरं तर पाच ब्रिगेड होत्या, पण दोन व्हर्जिनियातच मागे ठेवल्या होत्या.

आता नावांकडे नीट बघा. प्रत्येक ब्रिगेडला दोन नावं आहेत. पहिलं लढाईत उतरताना जो प्रमुख होता त्याचं, दुसरं त्याच्यानंतर ज्यानं सूत्रं घेतली त्याचं. गार्नेट मारला गेला. आर्मिस्टेड जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला आणि ५ जुलैला वारला. केम्पर गंभीर जखमी झाला आणि पकडला गेला. गार्नेटच्या नावाजवळचं दुसरं नाव वाचा: मेजर पेटन. ब्रिगेड सांभाळायची ती ब्रिगेडियर जनरलनं, इथं ती मेजरच्या हाती आली. मधले हुद्दे रिकामे झाले होते. शब्दाचाही खर्च न करता फलक हे सांगतो, आणि म्हणूनच ही दोन नावं चुकवू नयेत.

तारखांच्या ओळींत वेळ येते तेव्हा ती काटेकोर धरू नका. अमेरिकेत रेल्वेची प्रमाणवेळ आली १८८३मध्ये. लढाईत प्रत्येकाचं घड्याळ आपापल्या गावच्या वेळेवर. ३ जुलैचा तोफांचा भडिमार दक्षिणेच्या तोफखान्याच्या कर्नल अलेक्झांडरच्या घड्याळात बरोबर एक वाजता सुरू झाला. गावातल्या कॉलेजचे प्राध्यापक जेकब्स यांनी नोंदवली एक वाजून सात मिनिटं. दोघंही प्रामाणिक. दोन फलकांवरच्या वेळा जुळल्या नाहीत तर घोळ बहुधा घड्याळांचा असतो. 'डावी' आणि 'उजवी' या शब्दांचंही तसंच. ती सैन्याची डावी-उजवी असते, शत्रूकडे तोंड करून. फलकाकडे तोंड करून उभे राहिलात तर नकाशा उलटा होण्याची शक्यता असते.

[दृश्य: शेवटची ओळ. आकडे एकेक करून.]

मृत २३२, जखमी १,१५७, बेपत्ता १,४९९. एकूण २,८८८. हे आकडे लढाईनंतरच्या अहवालांतले आहेत. पराभूत सैन्य मागे फिरलं तेव्हा रणांगण शत्रूच्या ताब्यात राहिलं. पडलेला माणूस मेला की जिवंत आहे, हे त्याच्या ब्रिगेडला कसं कळणार? तो 'बेपत्ता'त गेला. पुढे संशोधकांनी एकेका नावाचा माग काढून केलेली मोजणी अशी: मृत ४९८, जखमी ६४३, जखमी होऊन पकडलेले ८३३, धडधाकट पकडलेले ६८१. एकूण २,६५५. बेरीज कमी झाली, पण मृतांचा आकडा दुपटीहून जास्त. बेपत्ता हा शब्द वाचताना हे ध्यानात असू द्या.

आता सर्वांत मोठा घोळ: जागेचा. हा फलक जिथं आहे तिथं डिव्हिजन रक्तबंबाळ झाली नाही. इथून ती निघाली. इथल्या स्मारकांचा जुना नियमच होता की पलटणीचं स्मारक तिच्या लढाईच्या रांगेच्या जागी उभारायचं, ती पुढे कुठवर पोचली तिथं नव्हे. या नियमावरून उत्तरेच्या सैन्यातही भांडणं झाली. ७२व्या पेनसिल्व्हेनिया पलटणीचे माजी सैनिक स्मारक पुढे, दगडी भिंतीजवळ हवं म्हणून कोर्टात गेले आणि १८९१मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. दक्षिणेच्या सैनिकांना मात्र निघाल्याची जागाच मिळाली.

[दृश्य: शेतातून पूर्वेकडे. लांबवर झाडांचा पुंजका.]

म्हणून फलक वाचून झाला की शेताकडे, पूर्वेला तोंड करा आणि चालायला लागा. समोरचा झाडांचा पुंजका सरळ पूर्वेला नाही, डावीकडे, ईशान्येला आहे. डिव्हिजनलाही दक्षिणेच्याच जनरल पेटिग्रूच्या सैन्याशी रांग जोडण्यासाठी डावीकडे तिरकं सरकावं लागलं होतं, तेही तोफांच्या माऱ्यात. अंतर सव्वा ते दीड किलोमीटर. जमीन सपाट वाटते, पण मध्ये उतार-चढ आहेत, आणि काही ठिकाणी समोरची टेकडी दिसेनाशी होते. तेवढीच काय ती आडोशाची जागा. मग एमिट्सबर्ग रस्ता. तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी कुंपणं होती. चढून उतरताना रांगा मोडल्या, आणि तोफांतून निघणाऱ्या छऱ्यांचा मारा तिथं जवळून झाला. गवतात गोचिडी असतात. लांब पँट घाला, पायमोजे वर ओढा.

चढ संपतो तिथं ठेंगणी दगडी भिंत आहे. ती ओलांडून आत गेलं की एक छोटा दगड लागतो. आर्मिस्टेड पडला ती ही जागा.