वायरचा झोळ

नमस्कार, श्रोतेहो. गळीत हंगामात चिखलात रुतलेली उसाची ट्रॉली तुम्ही बघितली असेल. पुढं दुसरा ट्रॅक्टर लावतात, वायररोप बांधतात, आणि ड्रायव्हरनं घाईत हिसका दिला की रोप तुटतो. कडेचा जाणता माणूस ओरडतो, "अरे, हळू! ताण धरून घे!" मी बावीस वर्षं समुद्रातल्या बचाव टगवर, म्हणजे बंद पडलेली जहाजं ओढणाऱ्या ताकदवान बोटीवर होतो. सुट्टीत कोल्हापूरला आलो की माझं काम मी या ट्रॉलीवरूनच सांगायचो.

टगचे बरेच दिवस वाट बघण्यात जातात. नांगर टाकायचा, इंजिन तयार ठेवायचं, व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६, म्हणजे मदतीच्या हाकांचा चॅनेल, ऐकत बसायचं. मग एखाद्या जहाजाचं इंजिन बंद पडतं, ते वाऱ्यानं खडकाकडं ढकललं जातं, आणि आम्ही निघतो.

आधी बारीक दोरी फेकायची, तिच्यामागं जाड दोर, त्यामागं वायर. बंद जहाजावर वीज नसते, म्हणजे त्यांचा विंच, दोर ओढून गुंडाळणारं यंत्र, तोही मेलेला. मग दोर त्यांच्या डेकवरून फिरवून परत आमच्याकडं आणतात आणि आमचाच विंच ती जड वायर त्यांच्यापर्यंत पोचवतो.

त्यानंतर शेकडो मीटर वायर सोडायची. स्वतःच्याच वजनानं ती पाण्यात झोळ घेते, आणि लाटेचा हिसका त्या झोळात जिरतो. वायर ताठ होऊन पाण्याबाहेर आली की पोटात गोळा यायचा. तुटलेलं टोक उलटं फिरून माणूस मारतं, म्हणून मागच्या डेकवर कुणी थांबायचं नाही. शिवाय ती मागच्या कडेवर एकाच जागी घासते. दर काही तासांनी थोडी सोडून जागा बदलायची, ग्रीस चोपडायचं. आमचा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, रात्री टॉर्च घेऊन वायरमधली तुटकी तार शोधायचा, आईनं पोराच्या डोक्यात उवा बघाव्यात तसा.

तरी वायर तुटते. जानेवारी १९५२ मध्ये इंग्लंडजवळ 'टर्मॉइल' टग कललेलं 'फ्लाइंग एंटरप्राइझ' जहाज ओढत होती. जहाजावर कॅप्टन कार्लसन एकटेच उरले होते. टगचा मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी, केनेथ डॅन्सी उडी मारून त्यांच्याकडं गेला. किनारा जवळ आला असताना दोर तुटला. १० जानेवारीला जहाज बुडालं.

या धंद्यातला जुना करार म्हणतो, नो क्युअर, नो पे: माल वाचला तरच पैसे. वाचवलेल्या माणसाकडून मात्र काही घ्यायचं नसतं. त्या दिवशी कार्लसन आणि डॅन्सी आडव्या झालेल्या धुराड्यावरून चालत गेले, समुद्रात उडी मारली, आणि 'टर्मॉइल'नं दोघांनाही वर घेतलं.