मनकवड्याला नोकरी लागते

नमस्कार श्रोतेहो. रविवारची सकाळ आहे. इंदुरातल्या निम्म्या घरांत आत्ता पोह्यांवर शेव पडत असेल आणि उरलेल्या निम्म्या घरांतलं कुणीतरी जलेबीसाठी कोपऱ्यावर उभं असेल. अशा वेळी मी तुमच्याशी माणसांची डोकी फुटण्याबद्दल बोलणार आहे. घास हातात असेल तर खाऊन घ्या, मी थांबते.

झालं? तर विषय आहे स्वस्तातल्या भयपटांचा. त्यातही ज्यांत कुणाला तरी दुसऱ्याच्या मनातलं कळतं किंवा नुसतं बघून वस्तू हलवता येतात, अशा भयपटांचा. आणि त्यातही त्यांच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या भागांचा. पहिल्या भागाबद्दल शहाणी माणसं बोलतात. पुढच्या भागांचं कौतुक करायला आमच्यासारखे लागतात.

माझी यांच्याशी ओळख आमच्या रामबागेजवळच्या वाड्यात झाली, नव्वदीच्या सुरुवातीला. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्गणी काढून व्हीसीआर आणि कलर टीव्ही चोवीस तासांसाठी भाड्याने यायचा. हातगाडीवर, गोधडीत गुंडाळून, शेजारी एक पोरगा हात लावून चालत. सोबत तीन कॅसेटी. एक मोठ्यांसाठी देवाधर्माची, एक सगळ्यांसाठी मारधाडीची आणि तिसरी आमच्या चुलतभावाच्या पसंतीची. लायब्ररीवाल्याने ती देताना एवढंच सांगितलं होतं, ‘‘भिया, ये ले जाओ, इसमें मुंडी फटती है।’’ लेबल अर्धं निघालेलं. त्याने दुसरा भाग म्हणून दिला होता, तो तिसरा निघाला. पण हे कळायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली.

रात्री दीडला आम्ही ती लावली. आजोबा शेजारच्या खोलीत झोपलेले, म्हणून आवाज पूर्ण बंद. श्रोतेहो, हा प्रयोग तुम्हीही करून बघा. मनाच्या ताकदीचा भयपट आवाज बंद करून पाहिला तर काय दिसतं? दोन गृहस्थ समोरासमोर उभे राहून एकमेकांकडे डोळे वटारतात, मान थरथरवतात, कपाळावर शिरा फुगवतात. दोघांनाही चार दिवस पोट साफ झालेलं नाही, असं वाटतं. आमची आत्या बाजूला बसून उद्याचे तांदूळ निवडत होती. तिने एकदा मान वर केली आणि म्हणाली, ‘‘डोकं दुखतंय वाटतं त्याचं. सुंठ उगाळून लावा म्हणावं.’’

आणि मुंडी? ती फुटायची वेळ आली आणि पडद्यावर पांढऱ्या रेघांचा पाऊस सुरू झाला. दादाने ट्रॅकिंगचं बटण इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. पाऊस थांबला तेव्हा मुंडी फुटून गेलेली होती. पुढे कारण कळलं. कॅसेट थांबवून ठेवली की आतला ड्रम फिरतच राहतो आणि फितीच्या त्याच जागेवर घासत राहतो. आमच्याआधी ज्यांनी ज्यांनी ती कॅसेट नेली, त्या प्रत्येकाने नेमकी तीच जागा मागे नेऊन, थांबवून बघितली होती. अख्ख्या इंदूरने पाहून पाहून झिजवलेलं डोकं आमच्या वाट्याला आलं होतं.

मूळ चित्रपटाचं नाव ‘स्कॅनर्स’. आता स्कॅनर म्हटलं की आपल्याला झेरॉक्सच्या दुकानातलं आधार कार्ड आठवतं, पण इथे स्कॅनर म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरणारा माणूस. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, मनकवडा. १९८१ साली कॅनडाच्या डेव्हिड क्रोननबर्गने तो काढला. त्या काळात कॅनडाच्या सरकारने देशी चित्रपटात घातलेला पैसा करातून शंभर टक्के वजा करायची सोय केली होती. त्यामुळे दाताचे डॉक्टर आणि वकीलसुद्धा डिसेंबर जवळ आला की चित्रपटात पैसे घालू लागले, आणि ते पैसे वर्ष संपायच्या आत खर्चायला हवेत म्हणून पटकथा पुरी व्हायच्या आधीच कॅमेरे सुरू होऊ लागले. ‘स्कॅनर्स’चंही तेच झालं. दिग्दर्शक सकाळी लिहायचा आणि दिवसा तेच चित्रित करायचा. मार्चअखेरीला आपल्याकडे रस्ते खोदतात, तसंच म्हणा ना.

त्यातलं ते गाजलेलं डोकं कसं केलं होतं, ते सांगितल्याशिवाय माझ्याने पुढे जाववणार नाही. नटाच्या डोक्याचा साचा घेऊन पोकळ डोकं बनवलं. आत मेण, रबराचे तुकडे, नकली रक्त आणि कलाकारांच्या जेवणातले उरलेले बर्गर भरले. स्फोटकं लावून बघितली, पण हवं तसं फुटेना. शेवटी एक तंत्रज्ञ त्या पुतळ्याच्या मागे जमिनीवर आडवा झाला आणि त्याने मागून बंदूक झाडली. मनाच्या अथांग शक्तीचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध दृश्य हे असं आहे. बर्गर आणि छर्रे.

पण माझ्यापुरतं त्या चित्रपटातलं भय डोकं फुटण्यात नाहीच, ते कानात आहे. सुरुवातीला एक फाटका, बेघर माणूस मॉलमध्ये लोकांचं उष्टं खात असतो आणि त्याला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं. एकाच्या मनातलं नाही, सगळ्यांच्या, एकदम, आणि बंद करता येत नाही. या लोकांचा जन्मच असा झालेला असतो, कारण त्यांच्या आयांना गरोदरपणी इफेमरॉल नावाचं औषध दिलेलं. औषध काल्पनिक आहे, पण बघणाऱ्यांना थॅलिडोमाइड आठवलंच असणार. १९५७ साली जर्मनीत बाजारात आलेलं ते औषध गरोदर बायकांनी मळमळीवर घेतलं आणि हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. चित्रपटातली गंमत अशी की मोठेपणी त्याच इफेमरॉलची सुई टोचली की आवाज थांबतात. त्यात एक शिल्पकार आहे. त्याने माणूस आत शिरेल एवढं भलंमोठं डोकं घडवलंय आणि तो त्या डोक्याच्या आत जाऊन बसतो. बाहेरचं काही ऐकू येऊ नये म्हणून दुसऱ्याच्या डोक्यात शिरणारा माणूस स्वतःसाठी एक डोकं बांधतो. 

वाड्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे भिंतीला भिंत. पलीकडच्या बिऱ्हाडात पगार कधी झाला, सासू कशावरून बोलली, पोराचा निकाल काय लागला, सगळं ऐकू यायचं. आणि ऐकू आलं नाही असं दाखवायचं, हा वाड्याचा शिष्टाचार. आत्या तर मनकवडीच होती. चकलीच्या डब्याला हात लावायचा विचार मनात आला की स्वयंपाकघरातून, ‘‘दोनच हं!’’

आता पुढचे भाग. क्रोननबर्ग त्यांत नव्हता. मूळ निर्मात्यांपैकी प्येर डेव्हिडने गाडी पुढे हाकली. १९९१ साली ख्रिश्चन ड्युगे या दिग्दर्शकाने दुसरा भाग काढला आणि लगेच तिसरा. मग १९९४ साली ‘स्कॅनर कॉप’ आला, तो खुद्द प्येर डेव्हिडने दिग्दर्शित केला, आणि १९९५ साली त्याचाही दुसरा भाग. म्हणजे पाच. तेव्हा अमेरिकेत व्हिडिओ दुकानांची फळकुटं भरायला रोज माल लागायचा, आणि ओळखीचं नाव असलं की थिएटरचं तोंड न बघताही चित्रपट खपायचा. त्यात मनाची शक्ती हे निर्मात्याच्या दृष्टीने सगळ्यात स्वस्त भूत. त्याला मुखवटा नको, शेपूट नको, वाडा भाड्याने घ्यायला नको. नटाने डोळे वटारायचे, ध्वनिवाल्याने एक घूंऽऽ असा आवाज लावायचा, आणि समोरच्याच्या नाकातून थोडं रक्त काढलं की झालं.

पण हे सगळे ओळीने बघितले तेव्हा मला एक मौज दिसली. पहिल्या भागात ही शक्ती म्हणजे दुखणं आहे. पुढच्या प्रत्येक भागात तिला नोकरी लागते. दुसऱ्या भागात पोलिसांचा एक बडा अधिकारी मनकवड्यांना हाताशी धरतो, कारण त्याला शहर ताब्यात हवंय. तिसऱ्यात एक बाई औषधाची नवी पट्टी अंगाला चिकटवते, मस्तवाल होते आणि टीव्ही वाहिनी बळकावून पडद्यातून घराघरांतल्या लोकांवर शक्ती चालवते. चौथ्यात तर नायक स्वतःच पोलीस. लॉस एंजलिसचा नवा शिपाई, एका पोलिसाने लहानपणी दत्तक घेतलेला, गुन्हेगारांच्या मनात शिरून तपास करतो. आत्याने तोही आमच्याबरोबर पाहिला. ‘‘एवढी विद्या आणि शेवटी पोलिसात?’’ म्हणाली, आणि मग थोडं थांबून, ‘‘पेन्शन तरी आहे म्हणा.’’

माझ्या मते या पुढच्या भागांना जीव येतो तो जिथे त्यांना तो जुना गलका आठवतो तिथेच. दुसरा भाग मला म्हणून आवडतो. त्यातला पोरगा गावाकडचा, जनावरांचा डॉक्टर व्हायला शहरात आलेला. गावात चार माणसं, चार आवाज. शहरात येतो आणि डोक्यात एकदम हजारो माणसं बोलायला लागतात. तीन पात्रांचं काम एका नटाकडून करून घेतल्यासारखा तो चित्रपट, प्रकाशयोजना म्हणजे एकच निळा दिवा, पण तो पोरगा कान दाबून उभा राहतो तेव्हा मी पुण्यात पहिल्या वर्षी लक्ष्मी रोडवर उभी होते, ते मला आठवतं.

तिसऱ्यात हे नाही. तिसऱ्यात सगळ्यांना मजाच येत असते, म्हणून तो आवाज बंद करूनही तितकाच चालतो. बाकीच्यांबद्दल फार बोलत नाही. अमेरिकेत १९८८ साली ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या भयपट-मालिकेचा सातवा भाग आला, त्यात मुखवटेवाल्या खुन्यासमोर नजरेने वस्तू उडवणारी मुलगी उभी केली. सहा भाग झाल्यावर त्याच्याशी लढणार कोण, असा प्रश्न पडला असावा. आणि ऑस्ट्रेलियात १९७८ साली बेशुद्ध पडून मनाने वस्तू हलवणाऱ्या पॅट्रिक नावाच्या रुग्णावर चित्रपट निघाला, तर इटलीवाल्यांनी १९८० साली कुणाला न विचारता त्याचा पुढचा भाग काढून टाकला. आपल्याकडे याला आपण उधार-उसनवारी म्हणतो.

आपल्या हिंदीत मात्र हा प्रकार रुजला नाही. रामसे बंधूंनी १९७२ सालापासून घरच्या माणसांना घेऊन स्वस्तात भयपट काढले, पण त्यांच्याकडे शक्ती असायची ती तांत्रिकाकडे. आपल्याला औषध, कंपनी, प्रयोगशाळा लागतच नाही. मनातलं ओळखणारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दाढी येते. पतंजलीने योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात परचित्तज्ञान म्हणजे दुसऱ्याच्या चित्तातलं कळणं सांगितलंय, आणि त्याच पादात पुढे बजावलंय की या सिद्धी समाधीत विघ्नं आहेत. चांगदेवाचंच बघा. चौदाशे वर्षांचा योगी, वाघावर बसून, सापाचा चाबूक करून भेटीला निघाला, आणि आळंदीची चार भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली. नजरेने पेला हलवणाऱ्याला आपण काय घाबरणार? आपल्याकडे भिंत चालते. त्यातही मला जास्त भावतं ते भेटीआधीचं, चांगदेवाने पाठवलेलं कोरं पत्र. मायना काय लिहावा हेच सुचलं नाही. सगळ्या सिद्धी हाताशी, आणि समोरच्याला काय म्हणावं ते कळेना. मुक्ताई म्हणाली, एवढा जगून कोराच राहिला. कोऱ्या पत्रालाही उत्तर गेलं, पासष्ट ओव्यांचं.

आत्या आता ब्याऐंशीची आहे. गेल्या वर्षी तिला कानाचं मशीन घेऊन दिलं. पहिल्याच शनिवारी रात्री सराफ्यात नेलं, दागिन्यांची दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागल्यावर. भुट्ट्याच्या किसाच्या गाडीपाशी आम्ही उभ्या होतो. ती एकदम माझा हात धरून थांबली. कढईतली चरचर, मागच्या पोराचं रडणं, कुल्फीवाल्याची घंटी, कुणाची तरी मोबाइलवरची भांडणं, सगळं सारख्याच जोराने तिच्या कानात शिरत होतं. कुठला आवाज जवळचा, कुठला लांबचा, काही कळेना. तिने दोन्ही मशीनं काढली, रुमालात गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

मी तिला विचारलं, किसात लिंबू जास्त पिळू का? तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, म्हणाली, ‘‘दोन प्लेट कशाला, एकच घे. तुला मघापासून दहीवडा खायचाय.’’

मी दहीवड्याचा शब्दही काढला नव्हता.