यादी खरी पाहिजे: कोल्हापूरच्या कारखान्यातले आयटीवाले

शिरोली एमआयडीसी, गोकुळ शिरगाव, कागल, आणि शहरात शिवाजी उद्यमनगर. फौंड्री आणि मशीनशॉपचं कोल्हापूर. कॅमेरा इथं आला की थेट भट्टीकडं जातो, आज आपण मात्र त्याच कारखान्याच्या ऑफिसात चाललोय, जिथं एखादा माणूस, लई झालं तर दोघं, अख्ख्या कंपनीचे पीसी, प्रिंटर, स्विच (नेटवर्कच्या वायरी जिथं जोडतात ती पेटी), सीसीटीव्ही, बायोमेट्रिक सगळं सांभाळतात. आणि साहेब विचारतात, आपल्याकडं एकूण मशीन किती हायत?

एक्सेलची यादी असतीय की, पण ती कुणीतरी कधीतरी केलेली. म्हणून नेटवर्क इन्व्हेंटरी सॉफ्टवेअर. आयपीची रेंज, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्यांची पट्टी, दिली की ते एकेक पत्ता तपासत जातंय, विंडोजला डब्ल्यूएमआयनं विचारतंय, लिनक्सला एसएसएचनं, प्रिंटर आणि स्विचला एसएनएमपीनं (ह्या लांबनं माहिती विचारायच्या ज्याच्या त्याच्या पद्धती), आणि रॅम किती, डिस्क किती, टोनर किती उरला, सगळं एका जागी आणतंय. नवीन आवृत्त्यांमध्ये डॅशबोर्ड चकाचक झालेत, चांगलंय, पण माझ्या मते खरं मोलाचं काम झालंय ते यादी बरोबर येण्याचं.

आता हा स्क्रीन बघा. आपल्याकडं असेंबल केलेले पीसी भरपूर. त्यातल्या कित्येकांच्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये, सिरीयल नंबरच भरलेला नसतो, तिथं नुसतं ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीनं भरायचं, असं येतंय. आता सॉफ्टवेअर जर सिरीयल नंबरवरनंच मशीन ओळखत असेल तर असले पाच पीसी मिळून त्याला एकच दिसणार, आणि उलट नुसत्या मॅक अ‍ॅड्रेसवरनं, म्हणजे नेटवर्क कार्डच्या नंबरवरनं, ओळखत असेल तर एकच लॅपटॉप सकाळी लॅनवर आणि दुपारी वायफायवर दिसला तर तो दोनदा मोजला जाणार. चांगली सॉफ्टवेअर आता सिरीयल नंबर, बोर्डचा यूयूआयडी (प्रत्येक बोर्डला वेगळा असायला पाहिजे असा ओळख क्रमांक), मॅक अ‍ॅड्रेस आणि मशीनचं नाव असं सगळं मिळून बघतात, कारण स्वस्तातल्या काही बोर्डांवर यूयूआयडीसुद्धा सगळ्यांचा एकच निघतो. म्हणून अपडेट टाकल्यावर पहिल्यांदा जुनी आणि नवी यादी शेजारी शेजारी ठेवून बघायची, कोण वाढलं, कोण गायब झालं.

सॉफ्टवेअरची यादी काढायची पद्धत पण बदलली. डब्ल्यूएमआयमध्ये विन32 प्रॉडक्ट म्हणून एक क्लास आहे, त्याला विचारलं की विंडोज, एमएसआय ह्या इन्स्टॉलरनं बसवलेलं प्रत्येक पॅकेज तपासत बसतंय, कधी कधी रिपेअरच चालू करतंय, मशीन जड होतंय आणि अकाउंटमधनं फोन येतो की टॅली का अडकलं. त्यापेक्षा रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीतली, अनइन्स्टॉलची नोंद वाचणं हलकं आणि जास्त पूर्ण, फक्त 32 बिट आणि 64 बिट अशा दोन्ही जागा वाचायला पाहिजेत.

मग आलं डीकॉमचं प्रकरण, डब्ल्यूएमआयनं लांबच्या मशीनला विचारायचं ते विंडोजच्या ह्याच वाटेनं. मायक्रोसॉफ्टनं 2021 पासून टप्प्याटप्प्यानं डीकॉमची सुरक्षा कडक केली आणि 14 मार्च 2023 च्या अपडेटनंतर ती बंद करायची सोयच राहिली नाही, त्यामुळं ज्या जुन्या सॉफ्टवेअरची लांबनं विचारायची पद्धत ढिली होती त्यांना मशीनकडनं ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ यायला लागलं. पासवर्ड बरोबर, फायरवॉल बरोबर, तरी नाही. ह्याला उपाय म्हणजे स्कॅन करणारं सॉफ्टवेअर अपडेट करणं. नाहीतर एजंट बसवायचा, म्हणजे मशीन स्वतःच माहिती सर्व्हरला पाठवतंय, आणि घरनं काम करणाऱ्याचा लॅपटॉप पण यादीत राहतो.

कोल्हापुरात ह्या यादीला अजून एक कारण आहे, महापूर. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत परत पूर, शिरोलीपाशी हायवे बंद. विम्याचा क्लेम करायचा तर मॉडेल, सिरीयल नंबर, खरेदीची तारीख, बिल सगळं लागतंय, आणि ज्या पीसीत ती यादी होती तोच पाण्यात गेला तर? आता बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मशीनच्या नोंदीलाच बिल जोडता येतंय आणि ठरलेल्या वेळी यादी आपोआप बाहेर पाठवता येते, ती शहराबाहेरच्या सर्व्हरवर नाहीतर क्लाऊडवर जाऊदे. शिवाय स्विचच्या मॅक टेबलवरनं कुठलं मशीन कुठल्या पोर्टला आहे ते कळतंय, म्हणजे तळमजल्यावरच्या स्विचला काय काय जोडलंय ती यादी पाऊस वाढायच्या आधीच काढून ठेवता येते, आधी काय उचलायचं ते ठरतंय.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (पीसीतली सुरक्षेची सोय) लागतंय, प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतोय, आणि आता सॉफ्टवेअर हे पण वाचून सांगतंय की कुठला पीसी अपग्रेड होईल आणि कुठला बदलावा लागेल. बजेट मागायला हाच रिपोर्ट न्यायचा.

शेवटी शॉपफ्लोअर. इथले काही सीएनसी कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारे कॉम्प्युटर, अजून जुन्या विंडोजवर चालतात, एक्सपीसुद्धा, ज्याचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला. असल्या मशीनवर जोरात पोर्ट स्कॅन, म्हणजे कुठल्या नेटवर्क सेवा चालू हायत त्याची तपासणी, केलं तर कंट्रोलर अडकू शकतो, आणि चालू जॉबमध्ये अडकला तर नुकसान मोठं. म्हणून रेंज वगळायची सोय, स्कॅनचा वेग कमी करायची सोय, हे अपडेटमध्ये आलं की आधी तेच सेट करायचं. प्रोडक्शनवाल्यांना विचारून ती मशीनं वगळा, पण यादीतनं काढू नका, त्यांची नोंद हातानं करा: कंट्रोलरचं मॉडेल, विंडोज कुठलं, स्विचचा पोर्ट कुठला, प्रोग्रामचा बॅकअप कुठं ठेवलाय. आणि ती वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, घेता आली तर लगेच घ्या.