कंपनी फ्लो: दोन अल्बम आणि मास्टरची मालकी

(पडद्यावर काळी तबकडी फिरते आहे. सुई खोबणीत उतरते.)

कंपनी फ्लो या हिप-हॉप गटाच्या नावावर पूर्ण लांबीचे अल्बम दोनच. त्यातल्या दुसऱ्यात रॅपच नाही. तरीही नव्वदच्या दशकातल्या न्यू यॉर्कच्या अंडरग्राउंड, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या, हिप-हॉपचा विषय निघाला की हे नाव वगळून पुढे जाता येत नाही. त्यांच्या गाण्यांनी जेवढा फरक पाडला, तेवढाच त्यांनी करारात काय सोडायला नकार दिला, त्यानेही पाडला.

गटात तिघं. रॅपर आणि निर्माता एल-पी, रॅपर बिग जस, आणि डीजे मिस्टर लेन. एल-पी ब्रुकलिनचा. त्याच्या अठराव्या वाढदिवसाच्या पार्टीत रेकॉर्ड लावायला लेनला बोलावलं होतं, तिथे दोघांची गाठ पडली. १९९३ मध्ये लिब्रा रेकॉर्ड्सकडून त्यांची पहिली बारा इंची तबकडी आली. मग बिग जस सामील झाला. तो ग्राफिटीच्या, म्हणजे भिंतींवर रंगांनी नावं-चित्रं काढणाऱ्यांच्या, जगातून आलेला, आणि ते जग त्याच्या ओळींत शेवटपर्यंत दिसत राहिलं.

त्यानंतरच्या तबकड्या त्यांनी ‘ऑफिशियल’ या स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीच्या नावाखाली, काढल्या. ‘फन्क्रशर’ हा ईपी, म्हणजे अल्बमहून छोटा संच, आणि १९९६ मध्ये ‘एट स्टेप्स टू परफेक्शन’.

स्वतः तबकडी काढायची म्हणजे काय काय करावं लागतं, ते इथे नीट पाहायला हवं. गाण्याचं अंतिम मिश्रण टेपवर उतरतं. त्यावरून लॅकरच्या चकतीवर खोबण कापतात. त्या चकतीवर निकेलचा थर चढवून धातूचा साचा बनतो, आणि साच्यातून आधी चाचणीच्या मोजक्या प्रती निघतात. या प्रती दोन्ही बाजूंनी, शेवटपर्यंत ऐकाव्या लागतात. घाईत होकार दिला तर साच्यातला दोष छापलेल्या प्रत्येक प्रतीत उतरतो.

हिप-हॉपमध्ये बिघडतं ते बहुतेक वेळा बेसमुळे. डाव्या आणि उजव्या चॅनेलमधला बेस एकमेकांच्या उलट गेला तर खोबण वर-खाली हलू लागते आणि सुई उडते. म्हणून खालचे स्वर कापण्याआधी मोनो, म्हणजे दोन्ही चॅनेलमध्ये अगदी सारखे, करतात. दुसरा त्रास ‘स’ आणि ‘श’चा. तबकडीच्या मध्याकडे जावं तसा खोबणीचा वेग कमी होतो आणि ही अक्षरं फाटल्यासारखी ऐकू येतात. शब्दांची दाटी असलेल्या रॅपरला हे फार जाचतं, म्हणून सर्वात खणखणीत गाणं बाजूच्या सुरुवातीला घेतात.

(स्टुडिओतला माइक, शेजारी दोन टर्नटेबल.)

तबकडी निघाली तरी ती लोकांच्या कानावर कशी पडायची? न्यू यॉर्कमध्ये त्याचं एक मोठं दार होतं कोलंबिया विद्यापीठाचं रेडिओ केंद्र, डब्ल्यूकेसीआर, ८९.९ एफएम. स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो यांचा कार्यक्रम तिथे मध्यरात्र उलटल्यावर चालायचा. करार नसलेले रॅपर तिथे थेट माइकवर येत. कंपनी फ्लोच्या ‘८९.९ डेट्रिमेंटल’ या गाण्याच्या नावातला आकडा त्याच केंद्राचा.

तबकड्या गाजल्या तशा रेकॉर्ड कंपन्या चौकशीला आल्या. इथे थोडा हिशेब. मोठ्या कंपनीच्या नेहमीच्या करारात कलाकाराच्या हातात सुरुवातीला पैसे पडतात, पण ती उचल असते. स्टुडिओचं भाडं, व्हिडिओचा खर्च, सगळं त्याच्याच वाट्यातून वळतं होतं. समजा, प्रतीमागे १० डॉलर येतात, कलाकाराचा वाटा १२ टक्के आणि ५०,००० प्रती खपल्या. त्याच्या खात्यात ६०,००० डॉलर जमा होतात. उचल आणि खर्च मिळून १ लाख असेल, तर एवढं विकूनही त्याच्या डोक्यावर ४०,००० चं देणं उरतं. कंपनीकडे मात्र ५ लाख आलेले असतात. आणि देणं फिटलं तरी मास्टर टेप, म्हणजे ज्यावरून सगळ्या प्रती निघतात ते मूळ रेकॉर्डिंग, कंपनीचीच.

कंपनी फ्लोने मास्टर स्वतःकडे ठेवायचे, निव्वळ उत्पन्नाचा निम्मा वाटा घ्यायचा आणि लांबलचक बांधिलकी पत्करायची नाही, अशी भूमिका घेतली. त्या अटी रॉकस रेकॉर्ड्स या लेबलने मान्य केल्या. निम्म्या वाट्याच्या करारातही एक खाच असते, ती म्हणजे ‘निव्वळ’ कशाला म्हणायचं. कुठला खर्च आधी वजा होणार, याची यादी कागदावर नसेल आणि वह्या तपासण्याचा हक्क नसेल, तर निम्मा वाटा कागदावरच राहतो.

(‘फन्क्रशर प्लस’चं मुखपृष्ठ.)

१९९७ मध्ये ‘फन्क्रशर प्लस’ आला. ईपीतल्या गाण्यांत नवी भर, म्हणून ‘प्लस’. सत्तर मिनिटांहून जास्त ऐवज, म्हणजे एका तबकडीचं काम नव्हे, दोन लागतात. चार बाजूंत वाटलं तरी प्रत्येकीला सतरा-अठरा मिनिटं येतात, आणि बाजू जितकी लांब तितकी खोबण बारीक, आवाज दबका.

त्या काळी एल-पीचं मुख्य यंत्र होतं एन्सोनिकचं ईपीएस-१६ प्लस, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणारा सॅम्पलर. त्या पिढीच्या सॅम्पलरची स्मृती तुटपुंजी. सॅम्पलिंगचा दर, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची तो आकडा, निम्मा केला की दुप्पट लांबीचा तुकडा मावतो, पण वरच्या स्वरांची धार जाते. या अल्बममध्ये तसा खरखरीत अंधार आहे. ढोल जवळून आदळतात, बाकीचं सगळं धुरकट. एल-पी बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका आवर्तनात, मावतील त्याहून जास्त अक्षरं कोंबतो, बिग जस मोकळ्या श्वासाने बोलतो, आणि लेनचं स्क्रॅचिंग, म्हणजे तबकडी हाताने मागे-पुढे फिरवून काढलेला आवाज, दोघांमधली जागा भरतं. ‘लास्ट गुड स्लीप’ मात्र वेगळं. सावत्र बाप आईला मारत असताना भिंतीपलीकडून ऐकणारा मुलगा त्यात बोलतो. एल-पीचं हे स्वतःचं बालपण. इतकं उघडं लिहिणं तेव्हाच्या रॅपमध्ये सहज सापडत नव्हतं.

बिग जस बाहेर पडला. उरलेल्या दोघांनी १९९९ मध्ये ‘लिट्ल जॉनी फ्रॉम द हॉस्पिटुल’ काढला. रॅप नसलेला अल्बम तो हाच. पहिल्या अल्बमचे शब्द काढून केलेली ही आवृत्ती नव्हे, रचना नव्या आहेत.

पुढे रॉकसशी संबंध तुटला आणि गटही थांबला. एल-पीने डेफ जक्स हे लेबल उभं केलं. डेफ जॅम या मोठ्या हिप-हॉप लेबलने नावावरून दावा लावल्यावर ते डेफिनिटिव्ह जक्स झालं. कॅनिबल ऑक्स या रॅप जोडीचा ‘द कोल्ड व्हेन’ हा अल्बम २००१ मध्ये तिथूनच आला, निर्मिती एल-पीची. २००९ मध्ये ‘फन्क्रशर प्लस’ही याच लेबलवर पुन्हा निघाला. २०११ मध्ये तिघं न्यू यॉर्कमध्ये पुन्हा एका मंचावर आले. २०१३ मध्ये एल-पी आणि रॅपर किलर माइक यांनी ‘रन द ज्युअल्स’ या आपल्या जोडीचा पहिला अल्बम लोकांना फुकट उतरवून घेऊ दिला.

‘फन्क्रशर प्लस’ पहिल्यांदा ऐकताना अख्खा अल्बम एका बैठकीत घेऊ नये, कान थकतात. आधी ‘एट स्टेप्स टू परफेक्शन’, मग बिग जसचं ग्राफिटीवरचं ‘लून टीएनएस’. ‘लास्ट गुड स्लीप’ शब्द समोर ठेवून, हेडफोनवर. ‘लिट्ल जॉनी’ नंतर कधीही.